दारात आलेल्या माश्या

आजही बर्फाचा डबा उघडला की पेडण्याची ती बाई आठवते. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्या परसात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. पोळ्यात राहणाऱ्या आणि बाहेर फुलांवर जाणाऱ्या माश्यांच्या मेंदूत एक एन्झाइम किती काम करतं, ते मी मोजत होते. बाहेरून येणाऱ्या माश्या पेटीच्या दारातच पकडून बर्फात ठेवून मारायच्या होत्या.

पहिल्या माशीवर चिमटा नेला, तोच त्या बाईनं माझं मनगट धरलं.

"दारात इल्ल्यांक धरू नको गो बाय. घरात पाय तरी ठेवूंदे."

मग पदरानं पेटी पुसत म्हणाली, "माझो घोव बोटीवर नोकरीक होतो. घराक येताना विमानतळारच तेचो जीव गेलो. मी हंय जेवाण करून वाट बघी होतंय."

मी माश्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका लावून त्यांना आत जाऊ दिलं. प्रत्येक माशी आत शिरेपर्यंत ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्यांच्या माश्या पोळ्यातून वेचून मी बर्फात ठेवल्या. ती शेजारीच उभी होती.

"एक रात तरी घरात रवल्यो," एवढंच म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.