पाणी निवेपर्यंत

गेल्या भाद्रपदात एका सकाळी शाळेचा शिपाई सायकल ढकलत माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. आत येईना. तेव्हाच मी समजलो. "वसंतसर गेले," एवढंच तो म्हणाला. आदल्या दिवशी मी वसंताला इस्पितळात भेटून आलो होतो. त्यानंतर कावीळ डोक्यात गेली, शुद्ध हरपली आणि उजाडता उजाडता सगळं संपलं. स्मशानातून परतताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पाणी उकळून प्या म्हणून जिल्हाभर धावला, आणि शेवटी त्यालाच पाणी बाधलं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण महिना उलटला तरी ते वाक्य कानातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघं मांडवीत एकाच आळीत वाढलो. पुढे मी कचेरीत चिकटलो, तो शाळेत विज्ञान शिकवू लागला. सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवरून धावायचं, मग अंघोळ करून शाळा, हा त्याचा नेम. त्याची धाकटी बहीण शालू सुट्टीत आजोळी, मंडणगडकडच्या एका वाडीत गेली होती, तिथे विहिरीचं पाणी बाधलं. उलट्या, हगवण... डोलीत घालून एस्टीच्या रस्त्यापर्यंत आणेस्तोवर पोर गेली. डोलीला एका बाजूने वसंताचा खांदा होता. या गोष्टीवर तो कधी बोलत नसे, आणि आम्हीही विषय काढत नसू.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात, पाणी उकळून प्या हे गावोगाव सांगायला त्याने मंडणगड ते मांडवी अशी दौड काढायची ठरवली. एकाने गाव गाठायचं, तिथून दुसऱ्याने पुढे धावायचं. शिक्षक, कारकून, बागायतदारांची पोरं, मिळून बरीच मंडळी जमली. हातात मशाल घ्यावी असं सगळ्यांचं मत. वसंताने घरातला तांब्याचा गडू काढला, पाण्याने भरला आणि तोंडाला फडकं बांधलं. "धावताना सांडणारच," मी म्हटलं. "सांडू दे की," तो म्हणाला, "सांडेल तेवढं पुढच्या गावात भरून घ्यायचं. फक्त उकळलेलं." त्यातली मेख आम्हाला वाटेत कळली. भाषण कुणी ऐकलं असतं, कुणी नसतं. पण गडू भरायचा म्हणजे प्रत्येक गावात कुणीतरी चूल पेटवायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी चढावरच्या एका वाडीत मी गडू घेऊन पोचलो, तेव्हा वसंता पुढे जाऊन एका म्हातारीच्या ओटीवर बसला होता. तिने आमच्यासमोर गूळ ठेवला, तांब्याभर गार पाणी ठेवलं. उन्हाने माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. वसंता हात जोडून म्हणाला, "काकू, एवढं उकळून द्याल? आम्ही थांबतो." म्हातारीचा चेहरा उतरला. पाहुण्याने पाणी परत केलं होतं. अंगणात माणसं जमली, कुजबुज सुरू झाली.

"आमी ह्याच पानी पिताव," ती म्हणाली. "आमाला काय झाला?"

 वसंता खाली बघत म्हणाला, "तुम्हाला काही झालं नाही, काकू. माझ्या बहिणीला झालं. अशाच एका वाडीत." आणि सगळं सांगितलं. डोली, वाटेत तिने मागितलेलं पाणी, खांद्यावरचं हलकं होत गेलेलं ओझं. इतक्या वर्षांत मीही ते प्रथमच ऐकत होतो.  म्हातारी उठली आणि आत जाऊन चुलीत फुंकर घालू लागली. पाणी उकळलं, मग निवायला ठेवलं. पुढच्या गावात लोक खोळंबले असतील म्हणून मी चुळबुळ करत होतो. वसंता म्हणाला, "दत्ता, बस जरा. त्या पाण्यासाठीच तर आलोय आपण." पाणी निवेपर्यंत अख्खी वाडी त्या अंगणात बसून राहिली. त्याने सांगितलं नाही तरी बायकाच एकमेकींना विचारू लागल्या, किती उकळायचं, कशात ठेवायचं...

मांडवीला पोचलो तेव्हा सत्कार वगैरे झाला. तो मला फारसा आठवत नाही. ती वाडी आठवते. वसंता पुढे दर पावसाळ्यात त्या बाजूच्या गावांना जात राहिला. विहिरीत औषध टाकायचं, घराघरांत बसायचं. यंदा तिकडे काविळीची साथ आली, तेव्हाही नलूवहिनी नको म्हणत असताना गेला.

आता ते इस्पितळातलं सांगतो. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. मी विचारलं, "तू न उकळलेलं पाणी कधी पीत नाहीस. मग कुठे प्यायलास?"

"एका घरी," तो म्हणाला. "साथीत घरातला कर्ता मुलगा गेला होता. मी भेटायला गेलो. म्हाताऱ्या बापाने स्वतः उठून पाणी आणून दिलं... त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नव्हती, दत्ता. कसं सांगणार होतो, उकळून द्या म्हणून?"

मी गाव विचारलं. त्याने मान हलवली. "नको. कळलं तर तो म्हातारा दोन मरणं डोक्यावर घेईल." मग डोळे मिटले. साथीत तिकडे अशी कितीतरी घरं झाली. ते घर कुठलं, हे आता कुणालाच कळणार नाही. कळूही नये.

परवा वहिनींना भेटायला गेलो. वसंताची एक रीत होती. आल्यागेल्याला पाणी देताना त्याच तांब्यातलं आधी आपल्या भांड्यात घ्यायचं, एक घोट प्यायचा आणि मग पाहुण्याला द्यायचं. घरचं तेच पाहुण्याचं, हे न बोलता सांगायची ती त्याची तऱ्हा. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या. दोन्ही भांडी भरली. स्वतःचं उचललं, एक घोट घेतला.  मग माझं भांडं पुढे केलं आणि म्हणाल्या, "घ्या भावजी. निवलंय."