घटाची माती

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही दहिवडीत होतो. तुमची आई तेव्हा लहान होती आणि विषमज्वरातून नुकतीच उठली होती. उठली म्हणजे ताप उतरला होता, एवढेच. पायांत बळ नव्हते, बोलणेही जवळजवळ थांबले होते. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "आता वेळच लागेल." मला वेळ देणे जमत नव्हते. रोज सकाळी मी तिला भिंतीशी उभी करी. ती कोसळे आणि रडे. ही पुन्हा चालेल का, या विचाराने माझी देवपूजासुद्धा कोरडी झाली होती.

नवरात्र आले. प्यायला पाणी टँकरचे, तरी रीत म्हणून पत्रावळीवर शेतातली माती पसरून धान्य पेरले, मधे घट मांडला. मन मात्र स्वस्थ नव्हते. रोज काडीने माती बाजूला करून मी कोंब आला का ते पाही.

मग टँकर आलाच नाही. माती भेगाळली. दुपारी मेंढरे घेऊन निघालेली एक धनगरीण सावलीसाठी ओसरीत टेकली. आत घट दिसताच तिने हात जोडले.

"आवं, देवी तहानलीया की!"

"घरात पाणी नाही हो बाई."

ती उठली, बाहेर उभ्या सामानाच्या घोडीवरची कळशी घेऊन आली.

"अहो, तुम्हाला वाटेत लागेल!"

"फुडं हीर हाय. तिथवर देवी नेईल की." ओंजळीने पाणी शिंपडताना ती थबकली. "ही माती कुणी उकरली? घुशी हायत्या व्हय घरात?"

"मीच. उगवलंय का ते बघत होते."

"रोज?" ती खळखळून हसली. "आवं बाई, त्ये बी म्हणत आसंल, ही कवा हात काढतीया आन् मी कवा रुजतोय!"

अंथरुणावरून बारीक हसू ऐकू आले. कित्येक दिवसांनी तुमची आई हसली होती. मी तिच्याकडे वळले, डोळे पुसले. बाहेर आले तेव्हा मेंढरांची धूळ तेवढी उरली होती. नावसुद्धा विचारायचे राहिले.

त्या दिवसापासून मी मातीला हात लावला नाही आणि पोरीला उभीही केली नाही. टँकर पुन्हा येऊ लागला. घटाला पाणी, तिला पेज, दोघांपुढे दिवा. बाकीचे देवीवर सोपवले. सोपवणे सोपे नव्हते. हात सारखे शिवशिवत.

दसऱ्याला पिवळसर कोंब तरारून आले होते. मी ते खुडायला बसले, तोच मागून भिंत चाचपडत येणारी पावले ऐकू आली. मी वळले नाही. धावले नाही. मांडीवर हात घट्ट धरून बसले.

"आई," ती माझ्या खांद्यावर भार देत म्हणाली, "माझ्या केसांत हे कोंब माळ ना."

बाळांनो, ती बाई कोण होती, मला ठाऊक नाही. मी अजून घट बसवते, तुमच्या नावाने पाणी घालते, आणि हात मांडीवर ठेवते.