यादीत वर बसलेली मुलगी

त्या वर्षी मी लाखांदूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत वाचन शिकवायला जात होते. एका संस्थेने वर्षभरासाठी नेमलं होतं. मी स्वतः शिकले इंग्रजी माध्यमात. त्यामुळे त्या गावात मी मोजकंच बोलायचे.

पावसाळ्यात मुलांची वाचनचाचणी झाली. कोण अक्षरं वाचतं, कोण शब्द, कोण परिच्छेद, कोण अख्खी गोष्ट. नेमकं तेव्हाच धानाचं रोवणं सुरू होतं. चौथीतली एक मुलगी आईबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, राबत होती. मुख्याध्यापकांनी गैरहजर मुलांपुढे सरसकट ‘गोष्ट’ लिहून माहिती ऑनलाइन भरून टाकली.

ती परतली तेव्हा जोडाक्षर आलं की अडायची. मागे पडलेल्या मुलांना मी रोज तासभर ओसरीवर वाचायला बसवायचे, पण यादीत खाली असलेल्यांनाच. पुढच्या वर्षी ती पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथं तिच्याजवळ बसून कोण वाचून घेणार होतं?

“सर, हिची पातळी बदलायची आहे. ‘शब्द’ करा.”

“खाली?” सर हसले. “मॅडम, पोरगी वर जाते, नाहीतर तिथंच राहते. खाली गेली का मलेच विचारतेत, काहून गेली म्हणून.”

“पण तिला वाचता येत नाही.”

“येईन जी. तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिल्या?”

मग एवढी माहिती गोळा कशासाठी करायची? मी तिला ओसरीवर बसवलंच.

एक दिवस आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले. यादी पाहून म्हणाले, “हे तं गोष्टवाली आहे. इथं काय करून राहिली?” त्यांनी पुस्तकातला पहिला धडा तिच्यापुढे धरला. तो तिला पाठ होता. तिने घडाघडा म्हटला. मी हात पुढे करून पान उलटलं. ती गप्प झाली.

“नव्या माणसाले भेते लेकरू,” म्हणत साहेब चहाला आत गेले.

ते गेल्यावर सर म्हणाले, “बसवा तिले ओसरीवर. फक्त साहेब आले का आत पाठवत जा.”

पुढे तिला सांगावंही लागेना. फाटकाशी मोटरसायकल थांबली की ती आपणच दप्तर उचलून वर्गात जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती न अडखळता परिच्छेद वाचू लागली. हे भरायला मी सरांकडे गेले, तर तिची प्रगती दाखवायला रकानाच उरला नव्हता. यादीत ती आधीपासूनच सगळ्यांत वर होती.