रजेच्या दिवशी यार्डात

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "नवीन मुलगी येतेय, तिला सहा महिने हाताखाली घ्या. यार्ड म्हणजे काय, ते तुमच्याइतकं चांगलं कुणी शिकवू शकणार नाही." माझी छाती फुगली. मग म्हणाले, "पुढे मॅनेजर रिटायर झाले की ती खुर्ची तिलाच द्यायचा विचार आहे." फुगलेली छाती घेऊन मी तसाच उभा राहिलो, आणि "हो साहेब" म्हणून बाहेर आलो.

जासईच्या कंटेनर यार्डात मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. आमची मिठागरं बंदराच्या कामात गेली, त्यानंतर मी इथे चिकटलो. हजारभर कंटेनरमध्ये कुठला कुठे आहे, हे मी कागद न बघता सांगायचो. मॅनेजरची खुर्ची आपलीच, असं मी घरी बायकोलाही सांगून टाकलं होतं. आणि आता ती खुर्ची ज्या पोरीला मिळणार, तिला मीच तयार करायचं होतं.

ती खारघरच्या टॉवरमधली. वडील बँकेत, आई प्राध्यापक, हिच्या हातात मोठी पदवी. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम भर उन्हात अख्खं यार्ड फिरवलं. तिनं टोपी आणली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवलं, तर चालता चालता वहीत नकाशा काढत होती.

शिकवताना मात्र मी हातचं राखलं नाही, हे माझ्या बाजूनं सांगतो. उद्या जाणारा कंटेनर आज वर ठेवायचा, तळाला गेला तर वरचे तीन उतरवल्याशिवाय निघत नाही. कुठला व्यापारी वेळेत गाडी पाठवतो, कुठला रडवतो. सगळं सांगितलं. ती एकदा ऐकायची आणि दुसऱ्यांदा विचारायची नाही. याचासुद्धा मला राग यायचा.

खरी आग लागली ती क्रेनवाल्यांमुळे. चौघेही माझ्या गावचे, आगरी, त्यातला एक तर चुलतभाऊ. माझ्या आरड्याओरड्याशिवाय जे क्रेनवर चढत नसत, ते तिनं "जरा बघता का?" म्हटलं की चढायचे. तिनं त्यांच्याकडून "नाय" आणि "हाय" उचललं होतं, आणि ती तसं बोलली की चौघे खो खो हसायचे. एक दिवस चुलतभावानं तिच्यासाठी घरून तांदळाची भाकरी आणि सुका जवळा आणला. बावीस वर्षांत त्यानं माझ्यासमोर कधी डबा उघडला नव्हता. मी त्या दिवशी जेवलो नाही. भूक नाही म्हणालो.

चैत्रात साहेबांनी तिला पहिलं काम एकटीवर सोपवलं. साठ कंटेनर शनिवारी दुपारपर्यंत काढून वर लावायचे, संध्याकाळी ते बंदरात जाणार. हे नीट झालं तर खुर्ची तिची, हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारी ती आखणी घेऊन माझ्याकडे आली. "दादा, काही राहिलंय का?"

मी कागद बघितला. शनिवारी सकाळपासून चारही क्रेन लावल्या होत्या. शनिवारी आमच्या गावदेवीची जत्रा. त्या दिवशी आमच्या गावचा माणूस यार्डात पाऊल टाकत नाही. दर वर्षी मीच तो दिवस मोकळा ठेवायचो, माझी स्वतःची रजा महिनाभर आधी लिहिलेली असायची.

मी म्हणालो, "बराबर हाय."

शनिवारी सकाळी नवीन शर्ट घातला. दुपारी बाराला पालखी उठते आणि तिला पहिला खांदा आमच्या घराचा असतो. भाऊ देवळाकडे निघाला, त्याला म्हटलं, "यार्डात जरा काम हाय, आलोच." काम कसलं? बंद पडलेल्या क्रेन, खाली अडकलेले साठ कंटेनर आणि मध्ये फोनवर रडवेली झालेली ती, एवढं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दहा वाजता फाटकातून आत शिरलो. साठच्या साठ कंटेनर ओळीनं वर लागलेले. क्रेनवाले नळावर हातपाय धूत होते, ती शेजारी कागद घेऊन उभी होती. चुलतभाऊ म्हणाला, "जत्रा हाय म्हटल्यावर मॅडमनी इचारलं, मंग कवा जमंल? आमी म्हटलं, पाटे पाचला येतो, दहाला सोडा." मग माझ्या शर्टाकडे बघत म्हणाला, "पन तू हितं कशाला? पयला खांदा तुमचा ना आज?"

फक्त विचारायचं होतं. बावीस वर्षांत मी दर जत्रेला यार्ड बंद ठेवलं आणि कुणाला कधी विचारलं नाही.

मी म्हणालो, "म्हटलं मदत लागंल."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ती आखणी मी पास केली होती, हे त्यांना तिच्याकडून कळलेलं होतं. तिनं मात्र माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "थँक यू, दादा. आता जा लवकर, उशीर होईल."

गेलो. वाटेत जासईच्या नाक्यावर ट्रेलरच्या रांगेत दोन तास अडकलो. पोहोचलो तेव्हा पालखी उठून गेली होती आणि पहिला खांदा भावानं एकट्यानं दिला होता.

सोमवारच्या मीटिंगला साहेबांनी तिचा ईमेल वाचून दाखवला. त्यात शेवटी लिहिलं होतं की, मला हे काम यार्डातल्या दादांनी शिकवलं, ते जत्रेची रजा सोडून मदतीला आले होते. साहेब म्हणाले, "उभे राहा हो." मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. दाराशी उभ्या असलेल्या चौघांचे हात खिशात होते.

तिला काही कळलं नव्हतं म्हणून तिनं तसं लिहिलं असेल, तर ती माझ्यापेक्षा चांगली. सगळं कळून लिहिलं असेल, तर माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. मी टाळ्या संपेपर्यंत उभा होतो, आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट मला तिच्याबद्दल कबूल करायची नव्हती.