लिंबाखालचं घर

निजामाच्या राज्यातली गोष्ट. नांदूरघाटच्या वाटेवर एका लिंबाखाली एक म्हातारी राहायची. तिला ना घर, ना माणूस. पण रोज सकाळी ती आपल्यापुरती जागा लख्ख झाडायची.

मी गावातली नवी सून. शेताकडं जाताना पहिल्यांदा भाकरी तिच्या हातावर ठेवून वळणार, तेवढ्यात तिनं गोणपाट झटकून पसरलं.

"बसा की, बाई. भाकर समदेच देतेत. माझ्याकडं बसत कुणीच न्हाई."

मी बसले. तिनं भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. "पावण्याला सोडून कसं खावं?"

मग मी रोजच बसू लागले. ती माझ्या माहेरचं विचारायची, हसायची.

श्रावणात तालुकदाराचा, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचा, दौरा निघाला. वाट साफ दिसावी म्हणून चपराशी तिच्यावर ओरडला. मी तेव्हा शेतातून परतत होते.

"उठते, बाबा. वरडतो कावून? नीट सांगितलं असतं तरी गेले असते," ती म्हणाली आणि गोणपाट खांद्यावर टाकून निघून गेली. मी पोचेपर्यंत ती वळणाआड झाली होती. पुन्हा लिंबाखाली आली नाही.

पोळ्याला तिला घरी पाटावर बसवून पुरणपोळी वाढायची, हे मी सासूबाईंकडून कबूल करून घेतलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं.