सकाळीच अडणारी गाडी

क्लचताईच्या हाताखाली कुणीही गाडी शिकतो, असं आख्ख्या भागात बोललं जाई, आणि हे बोलणाऱ्यांत क्लचताईचा स्वतःचा आवाज सगळ्यांत मोठा असे. तिची ड्रायव्हिंग शाळा म्हणजे एक पांढरी छोटी गाडी, छपरावर पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर जादा बसवलेला क्लच आणि ब्रेक. त्या सीटवर बसून ती दिवसभर "क्लच! क्लच! अहो, क्लच!" असं ओरडायची, म्हणून हे नाव. ट्रक समोर आला की डोळे मिटून घेणाऱ्या बँकेतल्या साहेबांना तिने डोळे उघडे ठेवून चालवायला शिकवलं. शिकण्यापेक्षा भांडायलाच येणाऱ्या एका नवरा-बायकोला तिने वेगवेगळे वार दिले आणि त्यांचा संसार व परवाना दोन्ही मार्गी लावले. 'बहुतेक' हा शब्द तिच्या तोंडी कधी नसायचा. सांगितलं म्हणजे सांगितलं.

हात टेकले ते फक्त सासूबाईंपुढे.

सासूबाई साठी ओलांडलेल्या. आयुष्यभर पायमशीनवर कपडे शिवलेले. त्यांची धाकटी बहीण नदीपलीकडे राहायची आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. तिला भेटायचं तर सासूबाईंना आधी मुलाला विचारावं लागे, मग सुनेला, मग दोघांच्या सवडीला. गेल्यावरही 'निघायचं का?' असा फोन चहा संपायच्या आत यायचा. एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मला गाडी शिकव. मला कुणालाही न विचारता धाकटीकडे जायचंय." मुलाला ठसका लागला. क्लचताईने मात्र लगेच हो म्हटलं. सासूला शिकवून दाखवणं म्हणजे शाळेचं नाव आणखी मोठं होणार होतं.

पण दहानंतरचे सगळे तास बाहेरच्या विद्यार्थ्यांचे. घरच्या माणसाच्या वाट्याला उरलेली वेळ यायची, ती सकाळी उजाडताना. सासूबाई शाल घेऊन, हात चोळत गाडीत बसायच्या. पहिला गियर टाकायचा, क्लच हळूच सोडायचा, बेताचा गॅस द्यायचा. गाडी दोन आचके द्यायची आणि बंद.

"क्लच पटकन सोडलात."

पुन्हा आचके, पुन्हा बंद.

"आई, अहो, पाय आहे की दगड? हळू म्हटलं ना मी!"

बाहेरच्यांशी ती असं कधी बोलत नसे. पण घरच्या माणसापुढे तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. सासूबाई मूग गिळून बसायच्या. अर्ध्या तासाने गाडी जरा ताळ्यावर यायची, तोवर तास संपलेला असे.

परवान्याच्या परीक्षेला त्यांचा सकाळचा अगदी पहिला नंबर लागला, तोही कडाक्याच्या थंडीत. निरीक्षक येईपर्यंत उभी राहून गार पडलेली गाडी मैदानातल्या चढावर बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. निरीक्षकांनी मान हलवून उतरायला सांगितलं. घरी येताना सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढच्या परीक्षेची तारीख मिळाली होती, पण त्यांनी शिकायचं सोडल्यासारखंच केलं. "हे माझं काम नव्हे," एवढंच म्हणाल्या. धाकटीचा फोन आला तेव्हा "बघू, कुणाला वेळ असला तर येते," असं त्या बोलल्या, आणि ते ऐकून क्लचताईला कसंसंच झालं. तिने खूप गयावया करून त्यांना परत एका सकाळी गाडीत बसवलं.

गाडी फाटकातच बंद पडली. क्लचताई तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईंनी किल्ली काढली आणि दार उघडून खाली उतरल्या.

"आता तू चालव."

"मी? मला काय धाड भरलीय? मी चालवीनच."

"तुझ्यासारखी नको. मला शिकवतेस तशी चालव. निघताना तू उजवा पाय एकदा जोरात दाबतेस. मला ते कधी सांगितलं नाहीस. मी इतके दिवस बघतेय. मशीनवर जन्म गेला माझा, दुसऱ्याचा पाय काय करतो ते मला कळतं."

"मी काही दाबत नाही," क्लचताई ठणकावून म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली. सासूबाई शेजारी बसल्या. पहिला गियर. क्लच हळूच. बेताचा गॅस, अगदी पुस्तकातल्यासारखा. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. क्लचताईने पुन्हा केलं. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तिचा उजवा पाय आपोआप खाली गेला, इंजिन घुमलं आणि गाडी सुतासारखी निघाली. तिने ब्रेक दाबला. या जुन्या गाडीच्या सगळ्या खोडी तिच्या पायाला ठाऊक झाल्या होत्या आणि पायाने ते तिला कळवलंच नव्हतं. कानांपर्यंत लाल होऊन ती स्टिअरिंगकडे बघत राहिली. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"पाणी कुठे मुरतंय ते आता बघतेच," ती म्हणाली.

तिच्याकडे एक छोटं यंत्र होतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं की इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारं. गाडी पुरती गार व्हावी म्हणून ती दुसऱ्या सकाळपर्यंत थांबली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सगळं सारखंच गार असायला हवं. इंजिनातलं पाणी गार दिसत होतं, बरोबर. पण आत ओढली जाणारी हवा? मोबाइल सांगत होता, भर उन्हाळ्यातली दुपार. बोलताना दोघींच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"हा कोण दीडशहाणा?" सासूबाईंनी आकड्यावर बोट ठेवलं.

"हवेचा सेन्सर," क्लचताई म्हणाली. "हवा गार असली की पेट्रोल जास्त लागतं, गरम असली की कमी. हा सकाळी सकाळी इंजिनला सांगतो की ऊन पडलंय. इंजिन बापडं विश्वास ठेवतं आणि उपाशी निघतं. दुपारी याचं म्हणणं खरंच ठरतं, म्हणून बाहेरच्यांना कधी त्रास झाला नाही."

खात्री करायला तिने केस वाळवायचं यंत्र आणलं, लांब वायर ओढून अंगणात आणली आणि एअर फिल्टरच्या डब्यापाशी सेन्सरवर गरम हवा सोडली. आकडा जागचा हलेना. सेन्सर सरळ बंदच पडला असता तर समोर पिवळा दिवा तरी लागला असता. हा मात्र छातीठोकपणे एकच आकडा सांगत बसला होता आणि इतक्या ठामपणे बोलणाऱ्यावर कुणी शंका घेत नाही. हे मनात आलं तेव्हा क्लचताईला स्वतःचीच लाज वाटली.

नवा सेन्सर दुकानात मिळाला, बोटाच्या दोन पेरांएवढा. "बाई, गॅरेजवाल्याला पाठवा, तुम्हाला नाही जमायचं," दुकानदार म्हणाला. "परवा या बघायला," तिने त्याला ऐकवलं.

अंगणात बॉनेट उघडून तिने आधी बॅटरीची काळी केबल सोडवली. सेन्सरच्या प्लगची खिट्टी जुनी, कडक झालेली होती. जोर लावला तर तुटणार. ती तिने नखाने अलगद दाबली आणि प्लग ओढला. जुना सेन्सर पिळून बाहेर काढला, तो काजळी धरून काळा पडला होता. भोक फडक्याने पुसलं. नव्याला रबराची रिंग चढवली.

"मी बसवू?" सासूबाईंनी विचारलं.

एरवी ती नाही म्हणाली असती. तिने सेन्सर त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी तो भोकाशी धरला, रिंग दुमडत नाही ना ते बोटाने चाचपलं आणि घाई न करता दाबत नेला. 'टक' असा आवाज झाला. प्लग लावला, केबल जोडली. दोघी फडक्याला हात पुसत उभ्या राहिल्या.

"आई," क्लचताई म्हणाली, "तुमचा पाय पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक गाडीची होती, आणि मी खापर तुमच्यावर फोडलं. वाट्टेल ते बोलले. माझं चुकलं."

सासूबाईंनी फडक्याची घडी घातली. "मला माहीत होतं पाय बरोबर आहे ते," त्या म्हणाल्या. "पण तू इतकं खात्रीने बोलायचीस की मलाच शंका यायला लागली. मशीनवर बसले तरी वाटायचं, आपल्याला हे तरी नीट येतं का?"

 क्लचताईने बॉनेट लावलं.

परीक्षेला पुन्हा सकाळचीच वेळ मिळाली आणि पुन्हा थंडी. क्लचताई मैदानाच्या कुंपणापाशी उभी होती. चढावर गाडी थांबली. निरीक्षक काहीतरी म्हणाले. गाडी क्षणभर तिथेच राहिली आणि मग एकही आचका न देता वर चढून पलीकडे उतरली. क्लचताईचा जीव भांड्यात पडला. शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाला तिने आपण होऊन सांगितलं, "सासू आहे माझी."

परवाना घरी आला त्या दिवशी सासूबाईंनी धुवट शाल काढली, चष्मा पुसला आणि फाटकातल्या गाडीपाशी गेल्या. क्लचताई सवयीने शेजारचं दार उघडून आत बसली आणि पट्टा लावू लागली.

"तू उतर," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पहिलीच खेप आहे. नदीवरचा पूल अरुंद आहे. मी नुसती बसते, बोलणार नाही."

"उतर बाळ."

ती उतरली. सासूबाईंनी वाकून दार आतून ओढून घेतलं. गाडी निघाली, कोपऱ्यावर सिग्नल दाखवून वळली आणि दिसेनाशी झाली. मुलगा आतून धावत आला. "आई गाडी घेऊन गेली? एकटी? कधी परत येणार म्हणाली?"

त्याने फोन काढला होता. क्लचताईने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"आपल्याला सांगून जायचं नव्हतंच त्यांना," ती म्हणाली.