आईच्या हातातला फुगा

दमा मला लहानपणापासून. जव्हारच्या थंडीत तो मुक्कामालाच यायचा. आधी आई किटलीत नीलगिरीचं पाणी उकळून वाफ द्यायची. तोंड पोळायचं, छाती मात्र होती तशीच भरलेली. मग कुणी वाळलेल्या धोतऱ्याच्या पानांचा धूर सुचवला. त्यानं श्वास मोकळा व्हायचा, पण घसा असा कोरडा पडायचा की बोलायची सोय नसे. वडील म्हणायचे, "एकूण फायदाच आहे." ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते आणि विनोद फक्त घरी करायचे.

शेवटी डॉक्टरांनी मुंबईहून एक यंत्र मागवून दिलं: पेरूएवढं काचेचं पोट, त्याला तोटी आणि मागे रबरी फुगा. आम्ही त्या अख्ख्या यंत्रालाच फुगा म्हणायचो. पोटात औषधाचे थेंब घालायचे, तोटी तोंडाशी धरायची आणि फुगा दाबायचा. औषधाचं धुकं होऊन थेट छातीत उतरायचं. मात्र फुगा दाबायचा त्याच क्षणी श्वास ओढायला हवा. आईला ते नेमकं साधायचं. तिनं तोटी समोर धरली की माझं तोंड उघडायचं. पुढे माझं मला जमू लागलं, तरी आईच्या हातचं औषध जास्त लागू पडतं असं मला वाटे.

लग्न ठरलं खोडाळ्याला. दम्याचा विषय बोलणीत निघाला नाही, आणि मी तो काढायचा नाही असं आईनं बजावलं. मी मान हलवली. फुगा बरोबर असेल तर कसली भीती? पाठवणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः तो लुगड्याच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला, शेजारी औषधाची बाटली.

सासरी पोचले त्या दुपारी अंगणापलीकडच्या खळ्यावर भात झोडत होते. भुसा उडून ओटीवर येत होता. बघता बघता माझ्या छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. मी आत जाऊन ट्रंक उघडली. बाटली दिसेना, पण लुगड्याच्या घडीत हाताला काही कडक लागलं आणि जीव भांड्यात पडला. घडी उलगडली तर चांदीचा करंडा.

नव्या नवरीची ट्रंक शेजारणींसमोर उघडायची तिथली रीत. त्याच संध्याकाळी माझी उघडणार होती. त्यातून औषधाचं यंत्र निघालं असतं तर आईची मान खाली गेली असती. म्हणून तिनं माझा श्वास काढून घेतला आणि त्या जागी कुंकवाचा करंडा ठेवला. मला आईचा भयंकर राग आला. रडावंसं वाटत होतं, पण रडायलाही श्वास लागतो.

सासूबाईंनी मला ट्रंकेला टेकलेली पाहिलं. काही न विचारता त्यांनी निखाऱ्यांवर धोतऱ्याची पानं टाकली आणि माझ्या डोक्यावरून घोंगडी ओढली. मी बोलण्याजोगी झाल्यावर म्हणाल्या, "लपवलंस कशाला पोरी? माझ्या सासऱ्याला दमाच होता. ही पानं आमच्या माळ्यावर कायम असतात."

चैत्रात माहेरी गेले ते आईला जाब विचारायचा आणि फुगा परत न्यायचा, हे ठरवूनच. घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललं होतं. दाराशी उभी राहून आई येणाऱ्या प्रत्येकीवर गुलाबपाणी उडवत होती. हातात गुलाबदाणी नव्हती, माझा फुगा होता.

"काय बाई नवी तऱ्हा," शेजारीण कौतुकानं म्हणाली.

"लेकीच्या सासरहून आलंय," आई म्हणाली.

तेवढ्यात मी तिला दिसले. "अगंबाई, ये ये," म्हणत ती पुढे झाली आणि तोटी माझ्यासमोर धरून तिनं फुगा दाबला. इतक्या वर्षांची सवय. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी खोल श्वास ओढला. गुलाबपाणी छातीत गेलं, खोकल्याची उबळ थांबेना.

बायका हसल्या. आईचा हात मात्र फुग्यावर तसाच राहिला. मी तोंड का उघडलं, हे तिथं फक्त तिलाच ठाऊक होतं.